शंखाचे तोंड कोणीकडे?

निपाणीच्या माझ्या मामांनी दोन वर्षांपूर्वी एका यात्रेत शंख विकत घेतला. विकणाऱ्याने तो 'अस्सल दक्षिणावर्ती' म्हणून दिला. किंमत किती पडली हे मामांनी मामींना अजून सांगितलेले नाही. पांढराशुभ्र, गुळगुळीत, वीतभर लांबीचा तो शंख देवघरात लाल कापडावर विराजमान झाला आणि शेजारीपाजारी दर्शनाला येऊ लागले. मी प्राणिशास्त्र शिकवतो, एवढ्या आधारावर आमच्या नातलगांनी मला शंखाचाही तज्ज्ञ ठरवलेले आहे. त्यामुळे दिवाळीत निपाणीला गेलो, तेव्हा मामांनी तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बघ, तोंड उजवीकडं आहे का नाही?"

तोंड उजवीकडे होते यात शंका नव्हती. पण मी शंख खिडकीशी नेऊन त्याच्या तोंडात डोकावलो आणि माझा चेहरा पडला. का पडला ते पुढे सांगतो. त्याआधी 'उजवीकडे' म्हणजे कोणाच्या उजवीकडे, हे पाहिले पाहिजे, कारण सगळा घोटाळा तेथेच आहे.

आपल्याकडे पूजेत असतो तो शंख म्हणजे समुद्रातील एका गोगलगायीचे घर. शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. रामेश्वर-तुतिकोरीनजवळचे मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. मद्रासच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल या अधिकाऱ्याने १९१४ मध्ये या एकाच शंखावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. गुजरातेत नागेश्वर येथे हडप्पाकालीन कारागीर याच शंखाच्या चकत्या कापून बांगड्या करीत होते, म्हणजे आपला या प्राण्याशी संबंध चार हजार वर्षांहून जुना आहे.

शंखाला दोन टोके असतात. एक वेढ्यांचा शेंडा आणि दुसरे निमुळत्या पन्हळीचे टोक. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शंख नेहमी शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून धरतात. असा धरला की तोंड उजव्या बाजूला दिसेल तो उजव्या वळणाचा. जगातील बहुतेक शंख-गोगलगायी याच वळणाच्या असतात आणि आपला पूजेचा शंखही साधारणपणे याच वळणाचा असतो. पण पूजा करणारा मनुष्य शंख तसा धरीत नाही. त्याला पन्हळीतून देवावर पाणी सोडायचे असते, म्हणून पन्हळ पुढे आणि शेंडा आपल्याकडे. शंख उलटा फिरला की तोच साधा शंख डावीकडे उघडलेला दिसतो. म्हणून शास्त्रज्ञ ज्याला उजवा म्हणतात त्याला आपले शास्त्री वामावर्ती म्हणतात, आणि आपला दक्षिणावर्ती हा शास्त्रज्ञांच्या हिशेबी डावखुरा. वस्तू एकच, फक्त ती धरणारे हात वेगळे. आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र त्याला 'बलमुरी' म्हणतात. उजव्या सोंडेच्या गणपतीलाही त्यांच्याकडे बलमुरी गणपतीच म्हणतात.

टर्बिनेला जातीत डावखुरा शंख अत्यंत दुर्मीळ. आणि दुर्मीळ तेवढे पवित्र, पवित्र तेवढे महाग, हे ओघाने आलेच.

शंखाचे वळण आणखी एका कारणाने बिघडते, ते म्हणजे चित्र. शंख कसाही फिरवला तरी त्याचे वळण बदलत नाही, पण आरशात धरला की बदलते. डच चित्रकार रेम्ब्रांट याने १६५० मध्ये एका सुंदर शंखाचे कोरीव चित्र छापले. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले कागदावर उलटे उमटते, हे त्याला माहीत होते, कारण स्वतःची सही त्याने बरोबर उलटी कोरली आहे. शंख मात्र समोर दिसला तसाच कोरला, आणि छापल्यावर तो निसर्गात नसलेल्या डाव्या वळणाचा झाला. एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या हातून हे झाले, तर कॅलेंडर छापणाऱ्यांना आपण काय बोलणार? तेव्हा चित्रातल्या शंखाचे वळण पाहून त्याची जात ठरवू नये. चित्रातला शंख निराळ्या रीतीने वाचावा लागतो.

आपल्या भागात शंखाचे चित्र म्हणजे मुख्यतः दगडातले. बेळगावपासून समुद्र घाटाखाली राहिला. येथील पाथरवटाने जिवंत शंख वाळूत सरकताना पाहिला असण्याचा संभव थोडाच. त्याच्यापुढे असे ते देवळातले फुंकायचे शंख आणि गुरूने शिकवलेले नियम. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे असतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती कोणत्या हातात आहेत यावरून मूर्तीचे नाव बदलते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चार वस्तू चार हातांत ठेवण्याचे प्रकार चोवीस होतात, आणि संध्येत आपण केशवापासून जी चोवीस नावे घेतो, ती याच चोवीस मूर्तींची. मोजायचे ते मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून, मग वरचा उजवा, वरचा डावा आणि खालचा डावा, असे प्रदक्षिणेच्या क्रमाने. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आला तर नारायण. पद्म, गदा, चक्र, शंख आला तर त्रिविक्रम. ग्रंथाग्रंथांत काही नावांबाबत मतभेद आहेत, पण रीत हीच. येथेही प्रश्न पुन्हा तोच की उजवा कोणाचा? तर तो देवाचा, पाहणाऱ्याचा नव्हे. माझे विद्यार्थी पहिल्या खेपेस येथे हटकून चुकतात आणि केशवाला भलतेच नाव देऊन मोकळे होतात.

म्हणजे मूर्तीतला शंख हे शंखाचे व्यक्तिचित्र नाही, ते एक अक्षर आहे. 'क'ची जागा बदलली की शब्द बदलतो, तसा शंखाने हात बदलला की देवाचे नाव बदलते. ते अक्षर कसे लिहावे यात मात्र प्रत्येक प्रदेशाने आपली हौस भागवली आहे. तमिळ मूर्तींत शंख दोन बोटांवर उभा असतो आणि त्याला ज्वाळा फुटलेल्या असतात. होयसळ कारागीर तर शंखालाही दागिने घातल्यासारखे कोरीव काम करतात. पंढरीचा विठोबा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. त्याच्या डाव्या हातात शंख आहे. बेळगाव-निपाणीहून दरवर्षी वारीला जाणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो पाहिला असेल? गर्दीत एक क्षण मिळतो आणि तो मुखदर्शनात जातो, हे खरे.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने, बिचिराजाने, ती १२०४ मध्ये बांधली. लोक छताला लोंबणारे दगडी कमळ पाहतात आणि बाहेर येतात. आत मूर्ती आहे ती बाविसावा तीर्थंकर नेमिनाथ याची. तीर्थंकरांच्या मूर्ती शांत, निर्विकार आणि बहुधा एकसारख्या. त्या ओळखायच्या त्यांच्या लांछनावरून, म्हणजे आसनावर कोरण्याच्या खुणेवरून. महावीराचा सिंह, शांतिनाथाचे हरिण आणि नेमिनाथाचा शंख. जैन कथेप्रमाणे नेमिनाथ हा कृष्णाचा चुलतभाऊ. त्याने कृष्णाच्या शस्त्रागारातला पांचजन्य सहज उचलून फुंकला आणि द्वारका हादरली. विष्णूच्या हातातला शंख आणि जिनाच्या आसनावरचा शंख दोन निराळ्या धर्मांतले खरे, पण कथेने त्यांचा आवाज एक केला आहे. कित्तूरजवळ देगावला गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधलेले कमलनारायणाचे मंदिर आहे. बस्ती आणि हे मंदिर यांत फार तर दोनतीन पिढ्यांचे अंतर. एकाच सुट्टीत दोन्ही पाहावीत, आणि पाहताना कमळांबरोबर शंखही शोधावेत.

आता मामांच्या शंखाकडे वळतो. टर्बिनेलाच्या तोंडात डोकावले तर मधल्या खांबावर तीनचार ठळक आडव्या वळ्या दिसतात, नळीत बोट घालून चाचपता येतील अशा. मामांच्या शंखाचा खांब गुळगुळीत होता. खांद्यावर गाठींची रांग घासून काढल्याच्या खुणाही दिसत होत्या. हा टर्बिनेला नव्हेच. हा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा, मेक्सिकोच्या आखातात सापडणारा 'लाइटनिंग व्हेल्क' नावाचा वेगळाच प्राणी. त्याच्या जातीत डावे वळण हीच रीत आहे. तेथे तो दुर्मीळ तर नाहीच, लोक त्याचे मांसही खातात. हे शंख घासून-पुसून आपल्या बाजारात दक्षिणावर्ती म्हणून येतात.

"पण तोंड तर उजवीकडं आहे ना?" मामांनी विचारले.

"आहे की. पण मामा, त्याच्या गावात सगळ्यांचंच तिकडं असतं."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "म्हणजे मेक्सिकोहून आला म्हण."

तो ज्या समुद्रातून आला, त्या देशातही शंखाला देव मानणारे आणि त्याची चित्रे काढणारे लोक होते. गंमत अशी की तेही समुद्रापासून दूर, डोंगरावर राहत. त्यांना नाहुआ म्हणतात. अॅझ्टेक हे त्यांच्यातलेच. त्यांची राजधानी, म्हणजे आजचे मेक्सिको शहर, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. बेळगावच्या जवळजवळ तिप्पट. १९७८ मध्ये त्या शहरात विजेच्या खात्याचे मजूर खणत असता देवीचे एक प्रचंड शिल्प लागले आणि पुढे तेथील महामंदिराचे उत्खनन झाले. मंदिराच्या पोटात पुरलेल्या नैवेद्यांत दोन्ही महासागरांतले शंखशिंपले निघाले. कोणी तरी ते पाठीवर लादून घाट चढवले होते, कारण त्या देशात तेव्हा घोडे नव्हते, बैल नव्हते, ओझ्याची गाडीही नव्हती.

१५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी ते राज्य जिंकले. जुन्या चित्रपोथ्या पुष्कळशा जळाल्या. पण चित्रकार उरले. त्यांना नाहुआ भाषेत 'त्लाकुइलो' म्हणत, आणि या शब्दात लिहिणारा व चित्र काढणारा असे दोन्ही अर्थ होते. नव्या राज्यकर्त्यांना या देशाची माहिती हवी होती, म्हणून याच चित्रकारांना बसवून नव्या पोथ्या करवून घेण्यात आल्या. त्या पोथ्यांत शंख जागोजागी आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा अर्थ वेगळा आहे.

पाणी काढायचे तर त्लाकुइलो निळा पट्टा काढतो. पट्ट्याला फाटे फुटतात आणि फाट्यांच्या टोकांवर एकाआड एक थेंबासारखी गोल टिकली आणि छोटा शंख येतो. नदी असो, तळे असो की गावाच्या नावातले पाणी असो, टोकाला शंख आहेच. डोंगरातल्या ओढ्यात समुद्राचा शंख कोठून येणार? येतच नाही. तो 'हे पाणी आहे' एवढे सांगण्यापुरता आहे. आपल्या मूर्तीतल्या शंखासारखाच तोही अक्षर आहे.

दुसरीकडे १५४१च्या सुमाराची 'कोडेक्स मेंडोझा' नावाची पोथी पाहावी. ती आज ऑक्सफर्डला आहे. तिच्यात कोणत्या प्रांताने राजधानीला काय खंडणी द्यायची याचे चित्ररूप हिशेब आहेत. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सिवात्लान प्रांताच्या पानावर लाल काटेरी शिंपले काढलेले आहेत आणि त्यांवर चारशेच्या आकड्याची खूण आहे. ही खूण केसांच्या झुबक्यासारखी दिसते, आणि चारशेला त्यांचा शब्दही तोच. अशा दोन खुणा, म्हणजे आठशे शिंपले. येथे शंख-शिंपला अक्षर नव्हे, तो माल आहे. तलाठ्याच्या दप्तरात पोती लिहावीत तसा.

तिसऱ्या ठिकाणी तो दागिना आहे. वाऱ्याचा देव केत्साल्कोआत्ल याच्या छातीवर आडवा कापलेला शंख असतो. शंख कापला की आत भोवऱ्यासारखे वळण दिसते, आणि ते वळण म्हणजेच वारा. आपल्याकडे कारागिरांनी शंख कापला आणि बांगडी केली. तेथे कापला आणि त्यात वावटळ पाहिली. आणि चौथ्या ठिकाणी चंद्राचा देव आहे, त्याच्या पाठीवर मोठा शंख. त्याचे नावच मुळी 'शंखवाला' अशा अर्थाचे. अशाच एका पोथीवर एका स्पॅनिश माणसाने टिपण लिहून ठेवले आहे. प्राणी जसा शंखातून बाहेर येतो तसा मनुष्य आईच्या उदरातून बाहेर येतो, असे हे लोक मानतात, असा त्याचा आशय आहे. मला त्या पोथ्यांतले हे एक टिपण फार आवडते. लिहिणाऱ्याला त्या देवांविषयी प्रेम असण्याचे कारण नव्हते, तरी त्याने विचारले आणि ऐकले.

बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने नाहुआ लेखक-चित्रकारांना हाताशी धरून बारा भागांचा मोठा ग्रंथ केला, तो १५७७च्या सुमारास पुरा झाला. आज तो इटलीत फ्लॉरेन्सला असतो. चित्रे अडीच हजारांच्या जवळपास. अकराव्या भागात प्राणी, वनस्पती, दगड यांबरोबर शंख-शिंपल्यांचीही नोंद आहे. या ग्रंथातील चित्रकारांनी युरोपीय चित्रे पाहिली होती, छाया कशी द्यायची ते शिकले होते. त्यामुळे एकाच ग्रंथात नव्या तऱ्हेची, छाया दिलेली आकृती भेटते आणि जुन्या तऱ्हेची खूणही भेटते. १५७६ मध्ये भयंकर साथ आली आणि नाहुआ माणसे मोठ्या संख्येने मेली. ग्रंथाच्या शेवटच्या भागांतील पुष्कळ चित्रे रंगाविना, नुसत्या काळ्या रेघांत आहेत. ती पाने पाहताना चित्रकाराच्या घरात त्या वर्षी काय चालले असेल, हा विचार मनातून जात नाही. तरी रेघ मात्र कापरी नाही.

एवढे दूर जाऊन आल्यावर आपल्या दारातले एक चित्र सांगितल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची यात्रा मार्गशीर्षात आणि माघात भरते, आणि निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, कोल्हापूरकडून माणसे लोटतात. जोगतिणीच्या डोक्यावर देवीचा जग असतो, गळ्यात कवड्यांची माळ असते. कवडी हाही समुद्रातल्या गोगलगायीचाच शंख. मराठीत कवडी, कन्नडमध्ये कवडे, देवी एकच. मालदीव बेटांतून या कवड्या जहाजे भरभरून येत आणि बंगाल-ओरिसात एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात नाण्यासारख्या चालत. चिनी लिपीत तर पैसा, खरेदी-विक्री यांच्या अनेक अक्षरांत कवडीची आकृती लपलेली आहे. आपल्या भाषेत मात्र कवडीमोल आणि फुटकी कवडी एवढेच राहिले. शंखाचेही तसेच. 'अगदीच शंख आहेस' असे आपण कोणाला म्हणतो ते काही पांचजन्याची आठवण म्हणून नव्हे.

माळेत कवडी ओवतात ती फट वर दिसेल अशी. पाठ आत जाते. तीही एक वाचायची खूण आहे आणि ती स्त्रीची, जन्माची खूण मानली जाते. चंद्रदेवाच्या पाठीवरच्या शंखाशी तिचे नाते सांगण्याचा मोह होतो, पण दोन समुद्रांच्या पलीकडच्या माणसांनी एकमेकांना विचारून हे केलेले नाही. शंखातून जीव बाहेर येतो हे दोघांनीही आपापल्या डोळ्यांनी पाहिले, इतकेच. आणि कवडीची ही खूण नेहमीच भाबडी नव्हती. याच देवीच्या नावाने लहान मुलींच्या गळ्यात माळ बांधून त्यांना देवाला सोडण्याची चाल या भागात होती. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये तिच्याविरुद्ध कायदे झाले. माळ सुंदर आहे म्हणून ती कोणाच्या गळ्यात कोणी घातली हे विसरून चालणार नाही. मेंडोझा पोथीतले शिंपलेही सुंदर रंगवलेले आहेत, पण ते खंडणीचे आहेत.

मामांच्या घरी गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. शंख देवघरातच होता. मामा म्हणाले की विकणाऱ्याला शोधून पैसे परत मागावेत असे त्यांच्या मनात होते, पण यात्रेतला माणूस पुन्हा कोठे सापडायचा. मी विचारले, "मग अजून पूजेत ठेवलाय?"

मामी आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रे. लांबून आलाय बिचारा. आणि तू ते चंद्राचं काय सांगत होतास, पाठीवर शंख घेतलेला, त्याचं चित्र असलं तर आणून दे की."

चित्राची प्रत मी त्यांना दिली आहे. ती त्यांनी शंखाशेजारी उभी करून ठेवली आहे.